नागलीच्या पापडाची न दिसलेली जाहिरात

शहरातल्या द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या सगुणाबाई मूळच्या पेठच्या. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. मोबाईलवर पापडांची जाहिरात देण्याचे काम त्यांची सून ज्योत्स्ना करीत असे. एखाद्याने मोबाईलवर कोठेही नागलीची चौकशी केली की त्याला हे पापड दिसत आणि मागणी येई.

यंदा मागणी आटली. सगुणाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. ज्योत्स्नाच्या बहिणीने नुकतेच माहेरी नांदगावला घरगुती पदार्थांचे दुकान काढले होते. आपले गिऱ्हाईक सुनेच्या माहेरी तर वळत नाही ना?

प्रौढ वर्गात अक्षरे शिकलेल्या सगुणाबाईंनी शहानिशा स्वतःच आरंभली. रोज दुपारी त्या आपल्या मोबाईलवर नागलीचे पापड शोधीत आणि जाहिरातीची वाट पाहत. ती एकदाही आली नाही. संशय पक्का झाला. हे काम सुनेकडून काढून भाचा गोरक्ष याच्याकडे द्यायचे ठरवून त्यांनी त्याला बोलावणे धाडले आणि ज्योत्स्नाला समोर बसवले.

"जाहिरात कुठं दडवली गं?"

"दडवली? चालू आहे की, आई."

"मग मला का नाय दिसत? रोज शोधते मी."

"म्हणजे माझ्यावर पाळत!" ज्योत्स्ना उसळली. "ॲपनं विचारलं असेल ना, तुमचा माग काढू द्यायचा का म्हणून? काय दाबलंत?"

"'नाही' दाबलं. अक्षर लावून लावून वाचलं आणि दाबलं. मी काय बघते, काय घेते, त्याला कशाला पायजे? फौजदार हाय का तो?"

"झालं तर! माग काढू दिला नाही, मग तुम्ही पापड शोधता हे जाहिरातीला कळणार कसं? आता गिऱ्हाइकंही 'नाही'च दाबतात. त्यांची बोटं मी धरू का?"

ज्योत्स्नाने हात पुढे केला.

"आणा, तुमचं 'हो' करून देते."

"हात लावू नको मोबाईलला!"

तेवढ्यात गोरक्ष दारात आला. "काय काम काढलंत, आत्या?"

सगुणाबाईंनी सुनेकडे पाहिले, मग मोबाईल पदराखाली घेतला.

"बुधवारी गंगेवर, नदीकाठच्या बाजारात पापडांची टोपली न्यायचीय. तू नुसती उचलून दे. विकायला ज्योत्स्नाच बसंल." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आणि तिच्या शेजारी मी बसंल."