शेळीचं दूध, चमच्याचमच्यानं

प्रतापराव बिलोलीकरांच्या पायाला भिंगरी. हायकोर्टात खटल्यांचे कागद पुढं ठेवणारे पेशकार होते तेव्हा जज्जसाहेब येईस्तोवर दालनात येरझाऱ्या घालायचे, आणि रिटायर झाल्यावर बरकतपुऱ्यातली एकेक गल्ली त्यांच्या चपलांना पाठ झाली. गॅसवर कुकर चढवून भाजी आणायला जाणारा, जेवताना मधेच उठून नळ बंद आहे का ते बघून येणारा माणूस. मालतीबाई संसारभर म्हणत आल्या, "अहो, टेका की जरा. खुर्चीला काटे फुटलेत का?"

त्याच मालतीबाई आता टायफॉइडमधून उठल्या होत्या. म्हणजे ताप उठून गेला होता, त्या पडूनच होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. म्हशीचं दूध घेतलं की पोटाचा नगारा, वरणाचं पाणी ओठाला लावलं की "नको". डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "सोमवारपर्यंत पोटात काही टिकायला लागलं नाही तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल." नळी म्हटल्याबरोबर मालतीबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या आईला शेवटी तशीच नळी होती.

"शेळीचं दूध देऊन बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातले स्निग्धांशाचे कण बारीक असतात, पोटात त्याची गुठळी मऊ होते. काही जणांना सोसतं. प्रथिनं आहेत, कॅल्शियम भरपूर आहे. उकळूनच द्यायचं. पण ती काही जादू नाही हं, अंकल. त्यात फोलेट फार कमी. रक्त भरायला डाळ, पालेभाजी लागणारच."

प्रतापरावांच्या कानात 'शेळीचं दूध' तेवढं शिरलं. बाकीचं निम्मं जिन्यातच सांडलं. स्कूटरची किल्ली तोवर हातात आली होती.

अंबरपेठेत खाजाबी शेळ्या पाळायची. डेंगूचे दिवस, तिच्या दारात बाटल्या घेऊन ही गर्दी. ह्या दुधानं रक्तातल्या पेशी वाढतात, असं जो तो पुढच्याला सांगत होता. डॉक्टरीणबाई तर तसं काही बोलल्या नव्हत्या, पण प्रतापराव मान हलवत राहिले.

"अम्मा, मेरी घरवालीकू टायफॉइड है, जरा जल्दी..."

"हौ साब, सबकूच जल्दी है. लाइन में ठैरो."

रांगेत उभं राहणं म्हणजे त्यांना जन्मठेप. एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत त्यांनी ते कसंबसं निभावलं आणि दूध उकळून पलंगापाशी नेलं.

"शेळीचं?" मालतीबाईंनी वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. "देवाला चालत नाही ते."

त्या घरात बाळकृष्णाला दाखवल्याशिवाय कुणाच्या घशाखाली काही उतरत नसे. ऐन तापात मोसंबीचा रस आला, तोही आधी देवघरात जाऊन मग पलंगाशी.

"अगं, पण आजारपणात..."

"त्याच्यापुढं ठेवता येत नाही ते मी कसं पिऊ?"

रात्रभर प्रतापरावांच्या डोक्यात ती नळी वळवळत राहिली. सकाळी मात्र त्यांनी नको ते केलं. देवाच्या चांदीच्या वाटीत शेळीचं दूध ओतलं, वर तुळशीचं पान ठेवलं, घाईघाईनं हात जोडले आणि वाटी मालतीबाईंच्या हातात दिली.

वाटी ओठापर्यंत गेली आणि थांबली.

"हे कसलं दूध?"

"पाकिटातलं."

"देवापुढं ठेवलं होतं?"

"हौ. आत्ताच."

मालतीबाईंनी पुन्हा एकदा हुंगलं. वाटी खाली ठेवली. "कोर्टात जन्म गेला तुमचा. लोकांना शपथा घ्यायला लावल्यात." एवढंच बोलून त्या भिंतीकडे वळल्या. नंतर पाणीसुद्धा मागितलं नाही.

उद्या सोमवार.

प्रतापराव फाटकापर्यंत गेले, परत आले. गच्चीवर गेले, तिथं काय काम होतं ते आठवेना, खाली उतरले. जिन्यात वरच्या मजल्यावरची भाग्यलक्ष्मी भेटली. मालतीबाईंच्या हाताखालीच ती मराठी शिकलेली.

"अंकल, किती हिंडायलात? चप्पल रडायली तुमची." तिनं झाकलेलं भांडं पुढं केलं. "पालकूर पप्पू आहे. पालक, तूरडाळ, मिरची नाही घातली. डॉक्टर बोलले ना भाजी पायजे म्हणून?"

बोलले होते. त्यांनी भांडं घेतलं, ओट्यावर ठेवलं. मग चांदीची वाटी राखेनं घासली, तीत पाकिटातलं दूध ओतलं आणि देवघरात जाऊन बसले. फार वेळ नाही, पण बसले.

खोलीत आले तर उशाशी गोळ्यांचं पाकीट.

"सकाळची गोळी घेतलीस?"

"हं." भिंतीकडूनच.

"देवाला दाखवलीस?"

"औषध कुणी देवाला दाखवतं का?"

बोलून गेल्या आणि मालतीबाईंच्या ध्यानात आलं. प्रतापरावांनाही ते तेव्हाच सुचत होतं.

"मग हेही औषधच समज. देवाला त्याचं दूध दिलंय, वाटी घासून. त्याची माफी मागून झाली. तुझी राहिली."

मालतीबाई हळूहळू ह्या कुशीवर वळल्या. नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"औषध काय वाटीनं पितात?"

"मग?"

"चमच्यानं. तुमच्या हातानं. आणि बसून."

साध्या स्टीलच्या वाटीत कोमट दूध आलं. प्रतापराव पलंगाच्या कडेला टेकले, चमचा भरला. मालतीबाईंचं तोंड मिटलेलं.

"आता काय?"

"आधी तो पाय."

पाय थरथर हलत होता. त्यांनी डाव्या हातानं गुडघा दाबून धरला. तिकडे तोंड उघडलं. एक चमचा गेला. दुसरा गेला. बाहेर फोन वाजला, वाजून वाजून थांबला. कुणीतरी फाटकाची कडी वाजवली आणि निघून गेलं.

"वास मारतोय," मालतीबाईंनी नाक मुरडलं.

"बोकड शेळ्यांशेजारीच बांधलाय त्या खाजाबीनं. लांब बांध म्हणून सांगतो, आत्ताच जाऊन..." ते अर्धवट उठले. समोरचे ओठ घट्ट मिटले. ते खाली बसले.

चमचा, चमचा. वाटी निम्म्यावर आली.

"पोट काय म्हणतंय?"

"अजून तरी गप आहे." त्यांनी ओठ पुसले. "भाग्यलक्ष्मीनं काय दिलंय? वास येतोय पालकाचा."

"पप्पू. घेशील?"

"दोन घास. पण आधी देवाला दाखवा. ते औषध नाही."

प्रतापरावांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग हातातल्या वाटीकडे, मग बायकोकडे.

"उठू का?"

"वाटी संपल्यावर."