होजिअरीची न दिसणारी दुमड

ओढल्यावर लांबणाऱ्या कापडाची खालची दुमड मशीनवर अशी शिवता येते का, की वरून टाका दिसू नये आणि कापड ताणले तरी दोरा तुटू नये? माझे नागपुरात राहणे की परतणे याच प्रश्नावर ठरले. म्हणून गावी राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी त्याचे उत्तर लिहून ठेवते.

सत्तरचे दशक संपत आले होते. नरखेडकडच्या आमच्या गावाहून एसटी निघताना आईने आपली तुरपाईची सुई चिंधीत टोचून खिडकीतून माझ्या हाती दिली. गावातल्या लेकीबाळींच्या परकरांची तुरपाई तीच करी. "कापड ताणून धरजो, टाका घट्ट घेजो," ती म्हणाली. "पोरगी शहरात कामाले काहून धाडली, याचं उत्तर दिवाळीपर्यंत लोकाइले देईन मी. तवापर्यंत नाही जमलं, तर परत ये."

सीताबर्डीतल्या सुशीलाबाईंच्या शिवणदुकानात मला पहिलेच काम मिळाले ते शाळेच्या खेळाडू मुलींच्या होजिअरी फ्रॉकचे. मी आईचा नियम पाळला. सुईखालून सुटलेले कापड आखडले आणि दुमडीला लाटा आल्या.

"काहून वं, फ्रॉक शिवून राहिली का कुरडया घालून राहिली?" बाईंनी विचारले. तोच फ्रॉक घालून एक मुलगी खाली बसली, तेव्हा दोरा तटकन तुटला.

कारण समजायला आठवडे गेले. सुती कापड ताणले तरी जवळजवळ तेवढेच राहते. होजिअरी ओढीसरशी लांबते, पण घट्ट सरळ टाका लांबत नाही, म्हणून तुटतो. तिला मुळीच ताणू नये. सुई गोल टोकाची घ्यावी, वरच्या दोऱ्याचे टेन्शन, म्हणजे ताण, सैल करावे. दुमड कच्च्या टाक्याने धरून ती उलट अशी मोडावी, की कडेची बारीक पट्टीच बाहेर राहील. बाईंच्या नव्या मशीनवर त्या पट्टीवर छोटे झिगझॅग टाके पडत, आणि मधूनच सुई डावीकडे जाऊन मोडीतला जेमतेम एक धागा उचले. वरून काहीच दिसत नसे.

दिवाळीला एक फ्रॉक गावी नेला. आईने नेहमीप्रमाणे दुमडीवरून नखाची पाठ फिरवली. नख अडले नाही. मग दोन्ही हातांनी ओढले. दुमड लांबली, पूर्ववत झाली.

"टाका कोठी हाय वं?"

मी फ्रॉक उलटा केला. तिने तो बराच वेळ पाहिला, घडी घातली.

"मंग राह्य तिकडंच," म्हणाली, आणि चकलीच्या कढईकडे वळली. मला हवे होते तेच ती बोलली होती. तरी मी तिच्याजवळून उठू शकले नाही.

आज माझ्या तोंडी टेन्शन, ट्रायल, फिनिशिंग असे शब्द आहेत. गावी गेले, की मात्र आईचे सुती परकर तिच्याच सुईने तुरपते आणि हात आपोआप कापड ताणून धरतो. तिचा नियम जिथे अजून खरा आहे, ते माझे घर.

माझ्या शब्दावर विसंबू नका. जुन्या बनियनचे दोन तुकडे घ्या, एक ताणून घट्ट सरळ टाक्याने शिवा, एक न ताणता सैल झिगझॅगने. मग दोन्ही ओढून आणि नख फिरवून आपणच तपासून पाहा.