काळ्या चौकटीतले हनीफचाचा

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता, शहाद्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात चहा उकळत असताना, मी एका जिवंत माणसाला मृत घोषित केले... आणि शांतपणे परीक्षेच्या ड्युटीवर निघून गेले.

मी विज्ञान शिकवते. छंद मात्र संगीताचा. सोल, जॅझ, पॉप... आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी मी एका कलावंताचे स्मरण लिहिते. त्याच्या गाण्यात नेमके काय ऐकावे, हे सविस्तर समजावून सांगण्यात मला विलक्षण आनंद मिळतो.

त्यासाठी मी एक शिस्त घालून घेतली आहे. कलावंत हयात नसेल तर काळी चौकट आणि कोपऱ्यात निरांजन. हयात असेल तर पिवळी चौकट. पुष्कळ जण मजकूर वाचतच नाहीत, चौकट पाहून हात जोडतात, हेही मला ठाऊक होते.

रविवारी हनीफचाचांचा वाढदिवस होता. चाचा आमच्या भागातल्या लग्नांच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात. परदेशी दिग्गजांच्या पंक्तीत आपलाही एक माणूस बसवावा, या उत्साहात मी लेख लिहिला... आणि शनिवारी एका दिवंगत गायिकेसाठी वापरलेली काळी चौकट बदलायची राहून गेली.

लेखात मी एक बारकावा उलगडला होता. ढोलाचा ठोका पडतो, तिथेच सूर लावणे सोपे असते. चाचा तसे करत नाहीत. ते ठोका किंचित पुढे जाऊ देतात आणि मग आत शिरतात... जॅझमधले थोर गायक हेच करतात. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो.

परीक्षाकेंद्रावर फोन जमा करावा लागतो. दुपारी तो हातात आला, तेव्हा पडद्यावर चाचांच्या मुलीचे, शबानाचे, कितीतरी कॉल दिसले. ती सुरतला असते. मी फोन लावला. "मॅडम, अब्बा को क्या हुआ?" मागून गाडीचा आवाज येत होता. ती निघालीही होती...

काही झालेले नाही, चूक माझी आहे, असे मी तिला तीनदा सांगितले. "फिर अब्बा फोन क्यों नहीं उठा रहे?" तिने विचारले. चाचा पहाटेच जीपने घाट चढून धडगावकडच्या एका लग्नाला गेले होते.

मी पोस्ट हटवली. पण तोवर ती पोस्ट म्हसावद, प्रकाशा अशा आसपासच्या गावांत फिरून आली होती. चाचींच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांना हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी पोहोचायला हवे, म्हणून मी धावतच निघाले...

गल्लीच्या वळणावरच पाय थबकले. चाचांच्या दारापुढे चपलांचा ढीग पडला होता. इतक्या चपला दारात कधी जमतात, हे कुणाला सांगावे लागत नाही.

आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मध्ये चाची, एक हात छातीवर. मला पाहून त्यांनी एवढेच विचारले, "मॅडम, तुमले कोनी सांगं?"

"कुणीच नाही, चाची. माझी चूक झाली. चाचा बरे आहेत."

"मंग तेस्ना फोन काब्रं लागी नही ऱ्हायना?"

एक घटना दुसरीच्या आधी घडली म्हणून ती तिचे कारण ठरत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. तरीही त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे घाटातले एक वळण होते, उलटलेली जीप होती... आणि मी सकाळीच लावलेले निरांजन. मी लिहिले म्हणूनच तर काही झाले नसेल ना? हा विचार कितीही हाकलला तरी जाईना.

धडगावला माझे जुने सहकारी वळवी सर राहतात. त्यांना फोन केला. ते लगेच मोटारसायकल काढून निघाले. त्यानंतरचा सव्वा तास मी चाचींची नाडी मोजत बसले होते. दुसरे काहीच सुचत नव्हते.

शेवटी सरांचा फोन आला. "मॅडम, टेकडीवर उभा आहे, इथेच रेंज मिळतेय. बँड खाली वाजतोय. माणसं ओळखू येत नाहीत. ऐका..."

मी फोन स्पीकरवर टाकला. वारा... मग ढोल. फक्त ढोल. ठोका पडला, दुसरा पडला... सॅक्सोफोन नव्हता. एक बाई मुसमुसू लागली.

चाचींनी हात वर केला. "थांबा. तेस्ना सूर उशिरच येस."

पुढचा ठोका पडला. तो पुढे निघून गेला... आणि त्याच्या मागोमाग, अगदी किंचित उशिरा, तो सूर आत शिरला.

चाचींचा छातीवरचा हात खाली आला. कुणीतरी त्यांना पाणी दिले. त्यांनी तो पेला माझ्यापुढे धरला. मी चाचींच्या फोनवरून शबानाला कॉल लावला. मग तो फोन माझ्या फोनच्या स्पीकरजवळ नेला.

संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर चाचांचा फोन आला. "मॅडम, मन्हा चाळिसावा कवय शे, ते बी सांगी द्या. मी वाजाडाले येसू." स्वतःच्याच मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी वाजवायला यायला ते तयार होते! मी माफी मागत राहिले, ते हसत राहिले. चाची मात्र हसल्या नाहीत. "पुढली दाव पहिले मले इचारा, मंग टाका," त्या म्हणाल्या.

आज चाचांचा लेख पिवळ्या चौकटीत पुन्हा टाकते आहे, चाचींना विचारून. ठोक्यामागून येणाऱ्या सुराबद्दल मी कितीतरी पाने लिहिली. तो येईपर्यंत वाट पाहणे कसे असते, ते मात्र त्यांच्या घरात बसून कळले... चाचा, तुम्ही आलात. आभारी आहे.