मागच्या सीटवरच्या कुंदाताई

नवी गाडी बघायला कुंदाताईंना सोबत नेलं, की त्या स्टेअरिंगकडे ढुंकूनही बघत नसत. थेट मागचं दार उघडून मधोमध बसत, पर्स मांडीवर घेत आणि शोरूमच्या माणसाला सांगत, "चल. डांबरी सोड, खडीच्या रस्त्याला घे." केडगावातल्या आमच्या शेजारीण, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना मागं बसवल्याशिवाय आमच्या कॉलनीत कुणी गाडी घेत नसे. "घेणारा पुढं बसतो रे, सोसणारी मागं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मोबाईलवर गाड्यांची परीक्षणं करणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. एखादा गॉगलवाला घाटात गाडी पळवत "एकदम मख्खन" म्हणाला, की त्या भडकत. "कंपनीच्या हॉटेलात उतरलाय, कंपनीचं जेवलाय, तो आमटीला मीठ कमी म्हणणार आहे का? आणि आपल्या आईला कधी मागं बसवलंय का त्यानं?" तेव्हा मला हा उगीच त्रागा वाटायचा. आता माझंच डोकं फिरतं.

नगरातल्या एका शोरूमने 'वर्षातील सर्वोत्तम कौटुंबिक गाडी' असा सोहळा ठेवला आणि महिला परीक्षक म्हणून ताईंना बोलावलं. मी त्यांना घेऊन गेलो होतो. लॉनवर गाड्या झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या.

"बसून कधी बघायच्या?" ताईंनी विचारलं.

"ताई, रस्त्यावर नेल्या तर धूळ बसंल. फोटो काढायचेत अजून," संयोजक म्हणाला. "तुमी फक्त मार्क द्या."

"पेपर न तपासता मार्क द्यायची सवय नाही मला," असं म्हणून त्यांनी कोरा कागद परत केला. पण आल्या आल्याच एका गाडीशेजारी हसतमुख उभं करून त्यांचा फोटो काढलेला होता. विजेती ठरली ती नेमकी तीच गाडी. तिची जाहिरात त्या शोरूमला करायचीच होती!

ताई पुढे महिनाभर लेकीकडे नाशिकला गेल्या. इकडे शोरूमच्या दारात त्यांचा भला मोठा फोटो लागला: 'कुंदाताईंची पसंती!' पारनेरचा माझा थोरला भाऊ तेव्हा आईसाठी गाडी शोधत होता. तिच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं, दवाखान्यासाठी सारखं नगरला आणावं लागे. "ताईंनी पास केल्यावर आपण काय बघायचं?" म्हणत त्याने मला न विचारताच तीच गाडी घेतली. लिंबू-नारळ झाला, पेढे वाटले. त्या गाडीची मागची सीट म्हणजे नुसता पाट. खड्ड्याखड्ड्याला आईला कळ लागे आणि शेवटी तिने पुन्हा अंथरूण धरलं.

आई माझ्याकडे राहायला आली की दोघींच्या गप्पा रंगत, म्हणून ताई तिला भेटायला पारनेरला आल्या. आई साधेपणाने म्हणाली, "तुमी पसंत केल्याली गाडी, म्हनून बोलले न्हाई. म्हनलं, माझंच हाड नाजूक."

ताईंना काही कळेना. भावाने फोटोचं सांगितलं, तेव्हा त्या ताडकन उठल्या. इतक्या वर्षांच्या शब्दाची या लोकांनी झेंडूच्या माळेत चोरी केली होती.

दुसऱ्या दिवशी ताई शोरूममधल्या त्याच गाडीत मागं जाऊन बसल्या. "मी पसंत केलीय ना? मग बसते. गिऱ्हाईक आलं की माझ्याशेजारी पाठव." मॅनेजरने सरबत आणलं, हात जोडले. ताई हलल्या नाहीत. आलेल्या प्रत्येकाला त्या शेजारी बसवून खरं काय ते सांगत राहिल्या. दुपारी फोटो उतरला.

या उन्हाळ्यात ताई गेल्या. आई अजूनही "माझ्यापायी भांडली गं बाई" म्हणून डोळे पुसते.

दसऱ्याच्या आधी आईला तपासणीसाठी नगरला आणलं होतं. भावाच्या त्या गाडीत ती आता बसत नाही, म्हणून नगरात मी तिला रिक्षानेच नेतो. वाटेत ते शोरूम लागलं आणि दारात ताई पुन्हा हसत उभ्या! मेलेलं माणूस येऊन भांडणार नाही, एवढाच त्या निर्लज्जांचा हिशोब. मी संतापाने रिक्षा थांबवली. मी तोंड उघडायच्या आत आई काठी टेकत आत गेली, दाखवायला ठेवलेल्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि कण्हत मधोमध बसली.

"आजी, काय पाहिजे?" मॅनेजर धावत आला.

आईने पिशवी मांडीवर घेतली. "माझ्या मैतरणीचा फोटू खाली घ्या. तवर मी हितंच बसनार हाय."