सेक्रेटरीकाकांचं ‘रिटन’

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाका मूळचे साताऱ्याचे. आयुष्य कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर गेलं. पण संकट आलं की इंग्रजीत बोलायचे. “व्हॉट इज रिटन, इज रिटन!” पाण्याची मोटर जळली, रिटन. कुणाचं लग्न मोडलं, रिटन. नेरूळच्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत शेंबडं पोरसुद्धा ते म्हणायचं.

मला मात्र त्या वाक्याने धडकी भरायची. माझ्या लेकीच्या पलंगाच्या बरोबर वर छताला तडा गेला होता. आमच्याकडे घरोघरी झाडूच्या दांड्याने छत ठोकून बघायची रीत. भरीव आवाज आला तर ठीक, डबडब वाजलं तर आतून पोकळ. आमचं डबडब वाजायला लागलं होतं, आणि पलंग हलवायला दुसरी जागाच नव्हती.

“काका, भीती वाटते हो,” मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.

“अगं पोरी, कशाला टेन्शन घेतीस? आमच्यासारखं खालनं पीओपीचं छत करून टाक. तडा दिसला की मन खातंय. बाकी व्हॉट इज रिटन...”

असा संताप आला! पीओपीवर दांडा ठोकून काय कपाळ कळणार? शेजारी बसलेल्या काकूंची नजर मात्र वर छताकडे होती.

एका दुपारी धाडकन आवाज झाला. मी धावत खाली काकांच्या घरी गेले. पीओपीसकट स्लॅबचा तुकडा काकूंच्या पलंगावर पडला होता. काकू नुकत्याच चहा टाकायला उठल्या होत्या, म्हणून वाचल्या. काका धुळीने पांढरेफटक. आता ते वाक्य येणार, असं मला वाटलं. त्यांनी माझा हात धरला.

“तुझी पोरगी कुठाय?”

“झोपलीय.”

ते अनवाणी जिना चढले. टीव्हीचं टेबल लाथेने सारलं आणि पोरीसकट पलंग हॉलमध्ये ओढत आणला.

“मला लई भ्या वाटतंय गं,” ते म्हणाले. “पहिल्यापासनंच वाटत हुतं.”

पुढे बिल्डिंग रिकामी झाली. काका-काकू गावी गेले, आम्ही नावड्याला भाड्याने आलो. काकांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, “वरचं ठोकून बघितलंस?”

“काका, नवी बिल्डिंग आहे.”

“असू दे. ठोक.”

मी फोन कानाला धरून झाडूचा दांडा छताला मारते. आवाज भरीव येतो. तिकडून काका हळूच म्हणतात, “पोरीच्या पलंगाच्या वर ठोक, अजून एकदा.”