हायमास्टखालचं सोयाबीन

रस्त्यावरच्या दिव्यांना वरून टोपी घालावी, उजेड खाली रस्त्यावरच पडावा, वर चांदण्या दिसाव्यात, असा कायदा व्हावा म्हणून मी सह्या गोळा करत होते. कोरेगावजवळच्या आमच्या गावात सगळ्यात मोठा विरोध माझ्या चुलत्यांचा. ते रिटायर्ड सुभेदार. वजन वापरून त्यांनी हायमास्ट दिव्यांचा उंच खांब स्वतःच्या बांधालाच उभा करून घेतला होता.

"चांदण्या बघून पोट भरतंय व्हय?" असं ते चारचौघांत विचारायचे आणि माझं डोकं फिरायचं.

सप्टेंबर संपता संपता सगळ्यांचं सोयाबीन पिवळं पडलं. खांबाजवळचं चुलत्यांचं मात्र हिरवंगार, कमरेएवढं. येईल त्याला बांधावर नेऊन दाखवायचे. "शिस्तीतलं रान हाय," म्हणायचे. काढणीला बघितलं, तर त्या पट्ट्यात शेंगच नाही. कृषी सहायकांनी सांगितलं, या पिकाला शेंग धरायला रात्रीचा अंधार लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलते आमच्या दारात. "कुठाय गं तुझा कागद?"

हुद्द्यासकट सही केली. मग खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: कायदा पेरणीच्या आत व्हावा.