लेबलं धुतलेल्या तबकड्या

चावीवाल्याला भिंगरी म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं आहे, ते म्हणजे त्याची बायको. आणि तीही म्हणते ती त्याची पाठ वळलेली असताना, म्हणजे ऐकू जाण्याची भीतीच नको. बाकीचं जग त्याला "ओ काका, दोन कॉप्या" एवढ्यावरच ओळखतं. जिन्याखालच्या त्याच्या खोपटात दोन गिऱ्हाइकं शिरली तर एकाला पोट आत घेऊन उभं राहावं लागतं. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या, समोर कटिंगचं मशीन. मशीन किंचाळायला लागलं की वरच्या मजल्यावरची माणसं खिडक्या लावून घेतात आणि हा ढिम्म. त्या मशीननं त्याचे कान खाल्ले असं सगळे मानतात. खरं तर मशीनच्या वाट्याला उष्टंच आलं. कान त्याआधी स्पीकरनी खाऊन संपवले होते.

त्या काळी हिपहॉप हा शब्द घरात उच्चारला की मोठी माणसं डॉक्टरचं नाव सुचवायची. पंचविशीतल्या भिंगरीला त्याची फिकीर नव्हती. दर शनिवारी बंद पडलेल्या गोदामासमोरच्या मोकळ्या जागेत तो रेकॉर्ड वाजवायची दोन टर्नटेबलं मांडायचा, जिन्यातल्या दिव्याचा होल्डर उघडून वीज ओढायचा, आणि पुठ्ठे पसरले की पोरं त्यावर डोक्यावर गरगर फिरायची. कुठल्याही गाण्यात चार-पाच सेकंद असे असतात, जिथं सगळे गप्प होतात आणि फक्त ड्रम बोलतो. भिंगरीला तेवढेच हवे असायचे. म्हणून प्रत्येक रेकॉर्डच्या दोन प्रती. उजवीकडचा ड्रम संपला की डावीकडचा सुरू, तोवर उजवी हातानं मागे. असा पाच सेकंदांचा तो दहा मिनिटं संसार करायचा.

आणि लेबलं धुवायचा. पलीकडच्या वस्तीतला एक डीजे मान लांब करून यानं कुठली रेकॉर्ड लावली ते वाचायचा आणि पुढच्या शनिवारी तीच वाजवायचा. मग भिंगरीनं आईची कपड्यांची बादली घेतली, एकेक रेकॉर्ड मधोमध भिजवली आणि नखांनी सगळी लेबलं खरवडून काढली. दोनशे काळ्या तबकड्या, एकीवरही अक्षर नाही. याला मात्र रेघोट्या पाहून आणि क्षणभर हेडफोनवर ऐकून कळायचं कुठली कोणती. बायको तेव्हा नुसती मैत्रीण होती. ती म्हणाली होती, उद्या तुझं डोकं फिरलं तर कोण ओळखणार यांना? हा हसला होता. डोकं तसं अजून जाग्यावर आहे, ही गोष्ट वेगळी.

माइक असायचा तोफेकडे. तोफ म्हणजे भिंगरीचा जिवलग. दिवसा उंच इमारतींच्या बाहेर दोराला लटकून काचा पुसायचा आणि पुसता पुसता यमकं जुळवायचा. आतली माणसं काचेपलीकडून बघायची, बाहेर एक जण फडकं फिरवत ओठ हलवतोय. त्यांना वाटायचं बिचारा देवाचं नाव घेतोय. शनिवारी तेच नाव तो माइकवर घ्यायचा आणि मालक, मुकादम, घरमालक सगळ्यांचा उद्धार व्हायचा. एकदा दोघांनी हौसेनं एका कारागिराकडून तोफेच्या आवाजाची रेकॉर्ड कापून घेतली. तीन मिनिटांची. अर्थात दोन प्रती, त्याही बिनलेबलाच्या. कारागिरानं बजावलं होतं, ही लाखेची तबकडी मऊ असते, वीस-तीसदा वाजवा आणि मग कपाटात ठेवा.

सहा महिन्यांत दोर तुटला. तोफेची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. तिची आई तिला घेऊन माहेरी गेली, ती गेलीच.

पुढची चार वर्षं भिंगरीनं एकही शनिवार तोफेशिवाय जाऊ दिला नाही. रेकॉर्डच्या सुरुवातीलाच तोफ ओरडायचा, "थांबा, मी आलो!" भिंगरी ते बोटाखाली पकडायचा आणि पुढे-मागे, पुढे-मागे घासायचा. आलो, आलो, आ-आ-आलो. मग पूर्ण तीन मिनिटं सोडायचा. सुई उडू नये म्हणून तिच्या डोक्यावर नाणं चिकटवलेलं असायचं; सगळे तसंच करायचे. लोक रडायचे, शिट्ट्या मारायचे, म्हणायचे मैत्री असावी तर अशी.

मग पोरं पांगली, गोदाम पाडलं, टर्नटेबलं पलंगाखाली गेली. हा चाव्या कापायला बसला. हिपहॉप काही गेलं नाही. शेजारच्या व्यायामशाळेतून, टूथपेस्टच्या जाहिरातीतून, गिऱ्हाइकाच्या खिशातल्या फोनमधून तोच ठोका येतो. कानांना नाही, पण टेबलावर टेकलेल्या तळव्याला तो बरोबर कळतो. "आपलाच आहे," तो पुटपुटतो. गिऱ्हाईक आपली चावी पुन्हा एकदा तपासून घेतं.

यंदा बायकोनं त्याला हाताला धरून कानाच्या तपासणीला नेलं. काचेपलीकडे बसून बटणं दाबणारी बाई तिशीतली होती. उजवा कान गेला, डावा अर्धा राहिला, असं तिनं कागदावर लिहून दाखवलं. मग फॉर्मवरचा पत्ता वाचून थबकली. आईकडून त्या गल्लीचं नाव तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. तिथं माझे वडील रॅप करायचे म्हणे, दिवसा काचा पुसायचे, तुमच्या ओळखीचे होते का, असं तिनं विचारलं, तेही लिहूनच. भिंगरीनं कागद दोनदा वाचला. मग बायकोकडे सरकवला, जणू डोळ्यांचाही भरवसा उरला नव्हता.

तिच्याकडे वडिलांचे दोन फोटो होते. आवाज कधी ऐकला नव्हता. दिवसभर ती लोकांना आवाज ऐकवते, आणि हा एक तिला ठाऊक नाही. भिंगरीनं छाती ठोकून सांगितलं, रविवारी ये. माझ्याकडे आहे. दोन आहेत.

त्या आठवड्यात दुकान दुपारीच बंद व्हायचं. हा तबकडी लावायचा आणि समोर वेताच्या मोड्यावर बसलेली बायको कान व्हायची.

"बोलतंय का कुणी?"

"ड्रम."

"आणि ही?"

"ड्रमच. अहो, तुम्ही आयुष्यात दुसरं काही घेतलं होतं का?"

सोमवार ते शनिवार दोनशे तबकड्या झाल्या. बोलणारी एकही निघाली नाही. दोन मात्र अशा होत्या, की बायको म्हणाली या खराब आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती खरखर. तिनं त्या दाराशी टाकायच्या पिशवीत ठेवल्या. भिंगरी पिशवीशी वाकला. मग दोन्ही काढल्या, खिडकीपाशी नेऊन तिरप्या धरल्या. काळ्यावर पांढरट धुरकट पट्टा, दोन्हींवर सारखा. उजव्या-डाव्याला त्यानं कधी भेदभाव केला नव्हता. त्यानं एक लावली, डोळे मिटले, आणि त्याचे ओठ हलायला लागले.

"हीच," तो म्हणाला. "अगं, तुझेच कान गेले की काय? तोफ आहे हा!"

बायकोनं तोंड उघडलं आणि मिटलं. असं ती क्वचितच करते.

रविवारी सकाळी मुलगी आली. येताना त्याच्यासाठी कानाचं यंत्र आणलं होतं, चालवून बघा म्हणाली. नंतर, आधी हे, म्हणत त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि तिला मोड्यावर बसवलं. सुई टेकवली. खोलीभर खरखर पसरली, कुणी ओल्या वाळूवरून पोतं ओढत न्यावं तशी. भिंगरीची मान डुलत होती, पाय ठेका धरत होता, एका ठिकाणी तो चक्क हसला, तोफेनं मुकादमाला हाणलेली ती जागा आली असणार. तीन मिनिटं मुलगी हालली नाही. सुई मध्याला जाऊन थांबली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. भिंगरी खूश झाला.

"ऐकलंस? कसा आहे बाप?"

"हो काका," तिनं मान डोलावली. "छान."

इथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण कलावंताला दाद पुरत नाही, ती तपशिलात हवी असते.

"सुरुवातीला काय म्हणाला, सांग बघू."

मुलीनं काकूकडे पाहिलं. काकू आपल्या बांगड्यांकडे बघत राहिली. भिंगरीनं एकीचा चेहरा पाहिला, मग दुसरीचा. टेबलावरचं यंत्र उचललं, डाव्या कानात घातलं, सुई पुन्हा सुरुवातीला नेली. पूर्ण तीन मिनिटं ऐकलं. दुसरी तबकडी लावली, तीही पूर्ण ऐकली. मग टर्नटेबल बंद केलं.

"मीच घासला," तो म्हणाला. "लोक टाळ्या वाजवत होते आणि मी त्याला घासत होतो."

मुलगी मोड्यावरून उतरून त्याच्याजवळ बसली. राहू दे काका, म्हणाली, तुम्हाला तर पाठ असेल, तुम्हीच म्हणून दाखवा, मी फोनवर घेते. भिंगरीनं घसा साफ केला. थांबा, मी आलो, इथवर आलं. त्यापुढे बोटांनी मांडीवर ठेका वाजत राहिला, अगदी बिनचूक, पण शब्द येईनात. मुकादम असं काहीतरी, दोर असं काहीतरी. त्यानं तीनदा सुरुवात केली. तोफ बोलत असताना हा नेहमी वाकून पुढची रेकॉर्ड हुडकत असायचा. कुठं संपतो तेवढंच त्याला माहीत होतं, कारण तिथं ड्रम टाकायचा असायचा.

मुलीनं फोन खाली ठेवला. मग अगदी हळू, यंत्र नसतं तर त्याला कळलंच नसतं इतक्या हळू विचारलं, "निदान आवाज कसा होता, ते तरी सांगा. जाड की बारीक?"

"जाड," भिंगरी लगेच म्हणाला. "नावच तोफ."

"बारीक होता," बायको म्हणाली. "माइक फाटका होता, म्हणून जाड वाटायचा."

भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं. वाद घालायला त्यानं तोंड उघडलं, आणि डोळे मिटून आत कुठंतरी कान लावला. आत आता खरखर ऐकू येत होती.